पत्र्याच्या चेंडूच्या पोटातलं टोकन

मित्रांनो, चेंडूच्या कुळात जन्माला येऊन ज्याला आयुष्यात एकदाही बॅट लागली नाही, तो मी. मी पत्र्याचा आहे. आकार बेसबॉलएवढा, रंग एके काळी पांढराशुभ्र, अंगावर लाल टाक्यांच्या दोन वळणदार रेघा आणि डोक्यावर नाणं टाकायची फट. थोडक्यात, मी धड चेंडू नाही आणि धड डबाही नाही. मी गल्ला आहे. आता माझं वय झालं आहे आणि माझ्या पोटाला बोटभर चीर आहे. ती पाहून लोक हळहळतात आणि "कुणी केलं हे?" असं विचारतात. कुणी केलं ते मी सांगणारच आहे. पण ती चीर पडण्याआधीचे दोन दिवस मी जितका घाबरलो होतो, तितका कधीच घाबरलो नव्हतो, आणि त्या घाबरण्याची मला आज लाज वाटते, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. तिथल्या एका कारखान्यात सपाट पत्र्यावर आधी माझा रंग, माझे टाके आणि एका पेट्रोल पंपाचं नाव छापलं गेलं. मग तो पत्रा साच्याखाली दाबून त्याच्या दोन वाट्या केल्या, एकीत दुसरी बसवली आणि कडा दुमडून टाकली. झाला चेंडू. मोटारीची टाकी पूर्ण भरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पोराला मी बक्षीस म्हणून मिळायचो. म्हणजे मी फुकटचा. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट. मला बनवणाऱ्यांनी मला झाकण दिलं नाही, बूच दिलं नाही. उलट फटीच्या कडा आतल्या बाजूला वळवून ठेवल्या, म्हणजे आत गेलेलं नाणं सहजासहजी बाहेर येऊ नये. पैसे हवे असतील तर गल्ला कापायचा, असाच त्यांचा बेत होता. माझी भावंडं वर्षाच्या आत कापली गेली. मी वाचलो, कारण ज्या मुलाला मी मिळालो तो बचतीच्या बाबतीत अगदी नापास होता. त्याने माझ्यात एकच नाणं टाकलं आणि तो मला विसरला. पुढे तो तेलाच्या धंद्यातला इंजिनियर झाला, सौदीत अबकैकला नोकरीला आला आणि सामानाबरोबर मीही आलो. कंपनीच्या वसाहतीतल्या त्याच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर, मी बारा वर्षं धूळ खात बसलो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

मग एके दिवशी त्या घरात मुस्तफा आला.

मुस्तफा एसी मेकॅनिक होता. मूळचा रायगडातल्या म्हसळ्याचा, एका कंत्राटदार कंपनीत नोकरीला. खिडकीतला एसी खोलताना त्याला मी दिसलो. भात कापून झाल्यावर शेतात क्रिकेट खेळत वाढलेला माणूस तो. त्याने मला फिरवून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हे टाके असे वाकडे कुणी घातले?" इंजिनियरने त्याला अर्धा तास बेसबॉल समजावला. मुस्तफाला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली आणि विकत द्याल का म्हणून विचारलं. इंजिनियर हसला आणि त्याने मला तसंच देऊन टाकलं. पुन्हा एकदा फुकटच, पण या वेळी मला वाईट वाटलं नाही.

मुस्तफाच्या घरी गेल्यावर मला कळलं की मी एकटा नव्हतो. अमेरिकन कुटुंबं बदली होऊन निघाली की दारात सामान मांडून विकायची. लोक तिथून फ्रीज न्यायचे, सायकली न्यायच्या. मुस्तफा न्यायचा पत्र्याच्या शिट्ट्या, दाबल्यावर टकटक वाजणारे बेडूक, शेंगदाण्यांच्या पुड्यातून निघालेले बिल्ले, बॅट उगारलेला वीतभर खेळाडू आणि बेसबॉलचे गल्ले. आतल्या खोलीत त्याने त्यांच्यासाठी फळ्या ठोकल्या होत्या. दर शुक्रवारी जुन्या बनियनच्या तुकड्याने तो आम्हाला पुसायचा आणि सांध्यांना खोबरेल तेलाचं बोट लावायचा. रंगवायचं नाही, ठोकायचं नाही, उघडायचं नाही, हे त्याचे तीन नियम होते. मित्र म्हणायचे, "अरे, लोक गावाला सोनं घेऊन जातात. तू ही डबडी नेणार काय?" त्यावर तो हसायचा. एकदा मात्र त्याने आपल्या लेकीला, नूरैनला, खरं ते सांगितलं. "पत्रा स्वस्त असतो गं, म्हणून लोक फेकतात. कुणीतरी ठेवायला नको?"

त्याच्याकडे नऊ गल्ले होते. आठांची पोटं कापलेली होती. न कापलेला मी एकटाच, म्हणून मी मधल्या फळीवर, मधोमध. पाहुणे आले की मला खाली काढलं जायचं. "हा बघा, तीस वर्षांचा झाला, पण अजून पोट फोडलेलं नाही." मित्रांनो, अशी स्तुती रोज ऐकली की पत्र्यालाही गर्व चढतो. मला वाटू लागलं, जगात जपण्यासारखी वस्तू एकच आहे, आणि ती मी.

मग इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला. कुवेतहून माणसं मिळेल त्या गाडीने आली. त्यांत शरफुन्निसा होती, रत्नागिरीकडची साठीची बाई. कुवेतमध्ये ती एका घरी स्वयंपाकाला होती. त्या घरच्यांनी पळताना तिला गाडीत घेतलं, अबकैकपर्यंत आणलं आणि पुढे ते रियाधला निघून गेले. तिचा पासपोर्ट तिकडेच मालकाच्या कपाटात राहिला. मागच्या गल्लीतल्या एका खोलीत ती दूतावासाच्या कागदाची वाट पाहत दिवस काढत होती. मुस्तफाची बायको खैरुन्निसा तिला जेवण पाठवायची आणि दर शुक्रवारी सदका द्यायची.

सदका म्हणजे संकट टळावं म्हणून बाजूला काढलेलं दान. खैरुन्निसा घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावरून एकेक नाणं उतरवायची आणि ते दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. शुक्रवारी डबा शरफुन्निसाकडे जायचा. एकदा उतरवलेलं नाणं परत घ्यायचं नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. नूरैनला ती पाठ होती.

जानेवारीत लढाई सुरू झाली. शाळा बंद पडली. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या आल्या. गॅस सोडतील अशी बातमी होती, म्हणून मुस्तफाने आमची खोली निवडली, कारण तिला एकच छोटी खिडकी होती. तिच्यावर त्याने प्लास्टिक ठोकलं आणि दाराशी पाण्याची बादली, टॉवेल ठेवले. भोंगा वाजला की घरातली तिघंही आत यायची आणि खैरुन्निसा ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबायची. पहिल्या भोंग्याला गडबडीत तिचा डबा बाहेर स्वयंपाकघरात राहिला. हातात तीन नाणी, ओठांवर दुआ. तिने इकडेतिकडे पाहिलं, नाणी एकेकाच्या डोक्यावरून उतरवली आणि सरळ माझ्यात टाकली. खण्, खण्, खण्.

मुस्तफाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. पण बाहेर भोंगा रडत होता आणि नूरैन त्याच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. त्या दिवसापासून मी सदक्याचा गल्ला झालो. तीस वर्षांत माझ्यात एक नाणं पडलं होतं. आता आठवड्यात माझं पोट जड झालं.

मुस्तफाने तेव्हाच ठरवलं की बायको आणि मुलीला गावी पाठवायचं. त्याला स्वतःला सुट्टी नव्हती, तेलाच्या प्लांटवरची थंड हवेची यंत्रं बंद पडून चालणार नव्हतं. जवळचा धहरानचा विमानतळ प्रवाशांना बंद होता, म्हणून कंपनीने कुटुंबांसाठी जेद्दाहपर्यंत बस ठरवली. शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर तीन वाजता ती निघणार होती. सगळ्यांचे पासपोर्ट शिक्के मारून कंपनीच्या स्टोअरमध्ये आले होते, बाळारामच्या ताब्यात.

बाळाराम हा स्टोअरकीपर, पेणचा. डोळ्यांवर जाड चष्मा, कानावर पेन्सिल. वर्कशॉपमधून पान्हा किंवा ड्रिल हवं असेल तर आपल्या नंबरचं पितळी टोकन खिडकीत द्यावं लागतं, तरच वस्तू मिळते. ही पद्धत त्याने तीस वर्षं चालवली होती. पासपोर्टांना त्याने तीच लावली. प्रत्येक कुटुंबाला एक पितळी टोकन दिलं. बसच्या दारात टोकन द्यायचं, पासपोर्ट घ्यायचे आणि चढायचं. मुस्तफाला सतरा नंबर मिळाला. तो गोल बिल्ला त्याने घरी आणला, खैरुन्निसाच्या गळसरीच्या मखमली डबीत ठेवला आणि म्हणाला, "आता या घरात याच्याहून मोलाचं काही नाही. हे गेलं तर सगळं गेलं."

हे वाक्य सात वर्षांच्या नूरैनने ऐकलं.

बुधवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर भोंगा वाजला तेव्हा मुस्तफा प्लांटवर होता. मायलेकी आत आल्या. खैरुन्निसाने आधी लेकीच्या, मग स्वतःच्या डोक्यावरून नाणं उतरवलं, आणि तिसरं खुंटीवरच्या मुस्तफाच्या टोपीवरून. तेवढ्यात दूर कुठेतरी धाडकन आवाज झाला. फळीवरचे बेडूक थरथरले. प्लांटच्या बाजूने आवाज आला होता.

"अम्मी, अब्बासाठी एक कॉइन बस आहे?" नूरैनने विचारलं.

"बस आहे गो. आपल्याला जे प्रिय असेल, त्यातलं दिलं की अल्लाह जास्त कबूल करतो," खैरुन्निसा म्हणाली आणि दाराकडे वळून टॉवेल पुन्हा पिळू लागली.

डबी त्याच खोलीत होती, खालच्या फळीवर, बाहेरगावी न्यायच्या बॅगेवर. नूरैनने ती उघडली. गळसरी बाजूला केली. टोकन घेतलं, स्टुलावर चढली, वडिलांच्या टोपीवरून ते सात वेळा उतरवलं आणि माझ्या फटीवर ठेवलं. ते नाण्यापेक्षा जाड होतं. जात नव्हतं. तिने तळहाताचा जोर लावला, फटीच्या कडा वाकल्या आणि मित्रांनो, ते टोकन माझ्या पोटात पडून खालच्या सांध्यात जाऊन रुतलं.

सकाळी मुस्तफा धुळीने माखून घरी आला, धडधाकट. काहीतरी लांब वाळवंटात पडलं म्हणाला. नूरैनने त्याच्या पायाला मिठी मारली आणि त्याच्या गुडघ्यामागून माझ्याकडे पाहिलं. नंतर एकटी असताना ती माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "थँक्यू. वर्क झालं."

आता माझी अवस्था पाहा. या पोरीच्या मनात आपण बापाला वाचवलं होतं आणि ज्याने वाचवलं ते परत मागायचं नव्हतं. खैरुन्निसाच्या मनात टोकन डबीत होतं. मुस्तफाच्याही. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. आणि मला काय वाटत होतं? बस चुकेल, बाई आणि मूल इथेच राहतील, पुढचा धमाका या घरावर होईल, हे सगळं मला कळत होतं. पण त्याच्याही आधी मला पत्रा कापायची कात्री दिसत होती. माझ्या मनात एकच घोकणं चालू होतं की कुणाला कळू नये.

शुक्रवारी सकाळी मुस्तफाने डबी उघडली.

पुढचे तीन तास त्या घरात जे चाललं ते मी विसरणार नाही. बांधलेल्या बॅगा उघडल्या गेल्या. उशांचे अभ्रे उलटे झाले. मुस्तफाने कपडे धुण्याच्या मशिनचा पाइप सोडवला, चटई झटकली, स्वतःच्या पाकिटाचं अस्तर फाडलं. खैरुन्निसाने आमच्या फळ्या रिकाम्या केल्या. मलाही उचललं. नाणी खणखणली, पण रुतलेलं टोकन हललं नाही. मी गप्प बसलो असं म्हणून मोठेपणा घेणार नाही, पत्र्याला बोलता येतच नाही. पण तिने मला परत ठेवलं तेव्हा मला हायसं वाटलं, हे मात्र खरं.

बारा वाजता मुस्तफाचा तोल गेला.

"तूच लपवलंस," तो बायकोला म्हणाला. "पहिल्यापासून तुला जायचं नव्हतं."

खैरुन्निसा जिथे होती तिथे खाली बसली. "मला जायचं नाही, ते खरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला सोडून कसं जाऊ, हे मी रोज तोंडावर सांगतेय. पण पोरीच्या जिवाचा कागद मी लपवीन, असं वाटलं तुम्हाला?"

तो टोपी घालून जुम्याला निघून गेला. नूरैन कोपऱ्यात, माझ्या फळीला पाठ लावून उभी होती. तिच्या पाठीची धडधड फळीतून मला लागत होती.

दोन वाजता मुस्तफा परत आला तो बाळारामला घेऊनच.

"मुस्तफाभाय, मी काय करू सांग," बाळाराम खुर्चीत बसत म्हणाला. "मी तुला वळखतो, वहिनीला वळखतो. पण वीस घरांचे पासपोर्ट माझ्या मानेवर हायत. उद्या सतरा नंबर घेऊन दुसराच कोन उभा राह्यला तं? मॅनेजरची चिठ्ठी आण, आत्ता देतो."

"मॅनेजर रियाधला आहे, दादा. फोन लागत नाही."

"मंग टोकन शोधायला पायजे." त्याने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "आमच्या स्टोअरात पान्हा हरवला ना, की ज्याचा पान्हा त्याला मी नाय इचारत. तो घाबरलेला असतो, उगाच दुसऱ्यावर नाव घेतो. मी इचारतो, शेवटी हातात कुनाच्या व्हता? बोला. तू?"

"मंगळवारी डबीत ठेवलं," मुस्तफा म्हणाला.

"वहिनी?"

"बुधवारी दुपारी बघितलं मी. बॅगेवर डबी ठेवताना उघडून बघितली होती."

"आनि बाय, तू?"

बाळारामने तिला तसंच विचारलं, जसं मोठ्या माणसाला विचारतात. रागाने नाही, गोंजारूनही नाही. सकाळपासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. नूरैनने फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मुस्तफा उठला. त्याने मला दोन्ही हातांत घेतलं, कानाशी धरून हलवलं, फटीच्या वाकलेल्या कडांवरून बोट फिरवलं. त्याला कळलं.

"का गं?" त्याने विचारलं.

तेव्हा ती रडत रडत सगळं बोलली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. डबी, टोपी, सात वेळा, धमाका. "आणि तुम्ही परत आलात, अब्बा! इट वर्क्ड! आता ते काढू नका. परत घेतलं तर..." पुढचं तिला म्हणवेना.

खैरुन्निसाने तोंडावर पदर दाबला. मुस्तफाने आधी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि फटीतून घालून पाहिली. दोन नाणी कशीबशी निघाली. टोकन सुरीच्या टोकाने सांध्यातून सुटलं, पण फटीपर्यंत यायचं आणि वळवलेल्या कडांना अडायचं. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मग दुसरा.

तो आपली हत्यारांची पेटी घेऊन आला आणि त्याने पत्रा कापायची कात्री काढली.

मित्रांनो, तो एकदा थांबला. त्याचा अंगठा माझ्या लाल टाक्यांवर होता. तीस वर्षं न फुटलेलं माझं पोट त्यानेच किती जणांना कौतुकाने दाखवलं होतं! मला वाटलं, तो कात्री ठेवून देईल. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की त्याने ठेवू नये. कारण त्याच्या मागे ती पोर उभी होती, आणि तिला घाबरलेलं पाहणं मला कापून घेण्याहून जड जात होतं.

कात्री चालली. पत्रा करकरला. नाणी चटईवर सांडली आणि त्यांच्यात सतरा नंबर.

नूरैनने किंकाळी फोडली. "नो, अब्बा! सदका आहे तो!"

मुस्तफा गुडघ्यांवर बसला. "इकडे बघ. हे टोकन कुणाचं आहे?"

"आपलं."

"नाही. बाळाराम अंकलच्या स्टोअरचं आहे. दुसऱ्याची वस्तू सदक्यात देता येते का?"

तिने विचार केला. "नाही."

"मग तो सदका झालाच नाही. म्हणून परत घेतलं असंही नाही."

त्याला वाटलं, काम झालं. पण पोर कुणाची होती! ती आणखीच घाबरली. "मग मी अब्बासाठी काय दिलं? नथिंग? मी नाही जाणार. काही दिल्याशिवाय मी बसमध्ये बसणार नाही."

हॉर्न पुन्हा वाजला. बाळाराम टोकन मुठीत घेऊन दारात उभा होता आणि पेन्सिलीचं टोक चावत होता. मुस्तफाने खोलीभर पाहिलं, मग हातातल्या माझ्याकडे.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "कुणाचा नाही, माझाच. आणि या फळ्यांवरचं मला सगळ्यात प्रिय हेच आहे, ठाऊक आहे ना तुला? हा आपण देऊ."

"पण तो तर फुटला."

"मीच फोडला ना? तरी प्रिय आहेच."

नूरैनने डोळे पुसले. सगळी नाणी गोळा करून माझ्या चिरेतून आत भरली. मग मला वडिलांच्या डोक्यावरून सात वेळा उतरवलं. मोजून, मोठ्याने. निरोप घ्यायला आलेली शरफुन्निसा पायरीवर उभी होती. नूरैनने मला तिच्या हातात ठेवलं. "खाला, हा अब्बाचा सदका आहे. परत द्यायचा नाही."

मग ती बसकडे धावली. बसच्या दारात बाळारामने टोकनाचा नंबर यादीशी ताडून पाहिला, हो, त्या वेळीसुद्धा ताडून पाहिला, आणि दोन पासपोर्ट खैरुन्निसाच्या हातात दिले. ती पायरीवर चढली आणि वळून नवऱ्याला म्हणाली, "भाकऱ्या डब्यात आहेत. वातड व्हायच्या आत खाऊन घ्या." सकाळच्या भांडणाबद्दल दोघंही काही बोलली नाहीत. वेळही नव्हता. बस गेली.

तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून पुढचं आत्ताच सांगून टाकतो. मायलेकी म्हसळ्याला पोचल्या. मुस्तफाला काही झालं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी लढाई थांबली. शरफुन्निसाला उन्हाळ्यात कागद मिळाला आणि ती मला घेऊन रत्नागिरीला आली. नाणी तिने तिकडेच वापरली होती, तिच्या हक्काचीच होती ती. आता मी तिच्या भाचीच्या घरी असतो. माझ्यात बटणं ठेवतात आणि ती चिरेतून सांडतात. अधूनमधून कुणी जुन्या वस्तूंचा शौकीन येतो, मला निरखतो आणि म्हणतो, "कथलाचा डाग देऊन सांधून देतो, रंगाचा हात मारला की नव्यासारखा दिसेल."

म्हणून त्या शुक्रवारची राहिलेली गोष्ट सांगतो. बस वळणापलीकडे दिसेनाशी झाली. रस्त्यात मुस्तफा आणि शरफुन्निसा दोघंच उरली. ती शहाणी बाई होती. तिने पदराआडून मला काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घे रे बाबा. नाणी घेतली मी, चेंडू तुझा तू घे. पोरीचं मन राखलंस, झालं. तू किती जपतोस त्याला, सगळी आळी जाणते."

मुस्तफाने हात पुढे केला. मला वाटलं, तो घेतोय. पण त्याने मला तिच्याकडेच ढकललं, दोन्ही हातांनी, घाईघाईने. जणू माझ्यावर हात राहिला तरी सदका मोडेल. लेकीसमोर दिवसभर ही भीती त्याने एकदाही दाखवली नव्हती.

"नको, खाला," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडंच. मला आता ड्यूटीवर जायचंय."

मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तू जरूर जपा. त्यांना पुसा, तेलाचं बोट लावा, धुळीत पडू देऊ नका. पण माझी ही चीर कुणी सांधायला निघालं, तर त्याला तेवढं थांबवा.